मागणीपुरतं इंग्रजी

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

आज अंजूचा फोन आला आणि जेवणावरची वासनाच उडाली.

अंजू माझी एकुलती एक मुलगी. एकतीस वर्षांची, कॅनडातल्या डोंगरातल्या एका गावी फिजिओथेरपिस्ट आहे. तिथले लोक हिवाळ्यात पायांना फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून खाली घसरतात, हाडं मोडून घेतात, आणि आमची पोरगी त्यांना पुन्हा चालायला शिकवते. चालायला लागले की ते पुन्हा घसरायला जातात. धडधाकट माणसांनी असले उद्योग करावेत याची मला पहिल्यापासून शिसारी आहे. आता त्याच लोकांतला एक मुलगा तिला पसंत आहे. नाव इवान.

मी नाही म्हणालो नाही. तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, 'गाडी रद्द' असं कोणी तोंडावर सांगत नसतं. मी एवढंच म्हणालो की रीतीनं व्हायला पाहिजे, मुलाच्या बापानं स्वतः मागणी घातली पाहिजे. वाटलं, गोरा माणूस कशाला मागणी घालतोय. तर म्हणाली, "हाव बा, थे तयार हायेत. व्हिडिओवर बोलतीन."

मग मी म्हणालो, मागणीच्या बैठकीत मुलगी बसत नाही.

"मंग त्यायचं बोलणं तुमाले सांगन कोण?"

"परका माणूस मधात नाई पाह्यजे. घरची गोष्ट हाय."

"मंग तुमीच इंग्रजी शिका," म्हणाली, आणि हसली. माझीच अट माझ्याच गळ्यात आली. मुलाचा बाप डग्लस, घरचे डग म्हणतात, वय सहासष्ट. अंजू सांगते, तो मनानं चांगला आहे, पण बर्फातल्या खेळांशिवाय बोलत नाही आणि सरळ तर बोलतच नाही, वाक्यावाक्याला वाक्प्रचार. घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी बोलतो, ही दैनंदिनी शाळेतल्या मराठीत लिहितो, घरचं बोलणं तेवढं वऱ्हाडीत उतरवतो. एवढ्या भाषा माणसाला पुरत नाहीत काय?

शुक्रवार, ५ डिसेंबर

शिकवणीच्या बाई आज आल्या. विजयमाला मुनेश्वर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, इंग्रजीत एम. ए., पुसदभर स्कूटीवर फिरून शिकवण्या घेते. रुपीबाईनं, म्हणजे आमच्या घरच्या मंडळींनी, शोधून काढली. मी व्याकरणाचं पुस्तक काढून बसलो होतो. तिनं ते बाजूला सारलं. "काका, तुमाले परीक्षा नाई द्यायची, माणसासंगं बोलाचं हाय," म्हणे, आणि मोबाइलवर एक संवाद उघडला. टॉम आणि सारा बर्फाच्या डोंगरावर उभे आहेत, सारा पहिल्यांदाच घसरणार आहे, आणि दोघं वाक्प्रचारांत बोलतात.

टॉम बाई झाल्या. मला साराचं काम. एकसष्ट वर्षांचा मिशीवाला माणूस माकडटोपी घालून आपल्याच ओसरीवर म्हणतो, 'टॉम, आय अ‍ॅम गेटिंग कोल्ड फीट.' रुपीबाई कोपऱ्यात शिवत बसली होती, ती तोंडात पदर कोंबून हसली. कोल्ड फीट म्हणजे पाय गार पडणं नव्हे. म्हणजे ऐन वेळी धीर सुटणं. मग धीर सुटला म्हणा ना. पायांना कशाला मधे आणता?

'ब्रेक द आइस' म्हणजे अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करणं. आमच्याकडं त्याला 'राम राम' म्हणतात आणि काहीही फोडावं लागत नाही.

उद्या बाई येणार नाहीत, सहा डिसेंबर आहे. बरं झालं, एक दिवस तरी टॉमपासून सुटका.

मंगळवार, ९ डिसेंबर

पुन्हा टॉम, पुन्हा सारा. आज 'स्केटिंग ऑन थिन आइस'. पातळ बर्फावर घसरणं, म्हणजे जोखमीचं काम करणं. मी विचारलं, बर्फ पातळ आहे हे माहीत असून तिथं माणूस जातो कशाला? बाई म्हणाल्या, "काका, तुमी साराले सोडून वाक्य पाहा." कसं सोडू? मूर्ख बाई दिसली की डोक्यात जाते.

'स्नोड अंडर' म्हणजे कामाखाली गाडलं जाणं. 'लीव्ह समवन आउट इन द कोल्ड' म्हणजे एखाद्याला घरातल्या गोष्टीपासून वेगळं ठेवणं. 'कोल्ड शोल्डर' म्हणजे ओळख न देणं. या लोकांचं प्रेम, भीती, अपमान, सगळं थंडच. ऐकून अंगावर काटा येतो.

मोबाइलवर अंजूच्या गावचं तापमान पाहिलं. उणे एकोणीस. सकाळी पाहिलं तेव्हा उणे सोळा होतं. दुपारी पुन्हा पाहिलं. अशा हवेत राहणाऱ्यांच्या डोक्यात दुसरं काय येणार?

संध्याकाळी चहा करायला उठायचा कंटाळा आला, तसाच बसून राहिलो. रुपीबाई सुईतून मान वर न करता म्हणाली, "कोल्ड फीट?" आठवीपर्यंत शिकलेली बाई ही. असंच कानावर पडलेलं उचलते.

बुधवार, १० डिसेंबर

तांड्यावरून फुलचंददादा आला होता. माझा थोरला भाऊ, आमच्या तांड्याचा नायक. त्याला सगळं आधीच कळलं होतं. बाजेवर बसला, पाणी प्याला आणि विचारलं, "गोत कोणतं त्या लोकायचं?"

मी म्हणालो, गोऱ्या लोकांना कशाचं गोत?

"मंग इचार ना त्याले." दादा शांतपणे म्हणाला. "सगाईत पयला प्रश्न गोताचाच असते. गोत सांगतलं तर पंच गोळ खातीन. नाई सांगतलं तर गोळ कायचा खायचा? तुले नाई म्हणाची गरज नाई, मलेबी नाई. रीतच नाई म्हणते."

पंचांनी गोळ, म्हणजे गूळ, खाल्ला की सोयरीक पक्की. दादा गेल्यावर कितीतरी वेळ मी खुशीत होतो. ते इथं कबूल करतो, कारण ही वही माझी आहे. पोरीला नकार द्यायचा नाही, पोरीची नजर सोसायची नाही, आणि गोष्ट आपोआप मोडायची. पंचांसमोर मी फक्त प्रश्न विचारणार. उत्तर नसेल तर त्याला मी काय करू?

रुपीबाईला सांगितलं नाही. ती कांचळी शिवते आहे, आमच्या बायकांची आरशांची चोळी. कुणासाठी विचारलं तर म्हणाली, लग्नसराई येते आहे. बाह्या नेहमीपेक्षा वीतभर लांब आहेत. एवढ्या लांब हातांची बाई आमच्या नात्यात कोणी नाही, कापडाची नासाडी नुसती.

सोमवार, १५ डिसेंबर

आज शिकवणी मोडली.

मी बाईंना सहज विचारलं, 'तुमचं गोत कोणतं' हे इंग्रजीत कसं म्हणतात. बाईंनी सांगितलं, 'क्लॅन' असा शब्द आहे. मग माझ्याकडं पाहिलं. "काका, हे कायले इचारता? पोरगा पाह्यला, पोरगी खूश हाय."

"रीत हाय आमची."

"रीतीसाठी इचारता का सोयरीक तोडासाठी?"

मी माकडटोपी सारखी केली. ती मुलगी मोबाइल पर्समध्ये ठेवत म्हणाली, "मी भाड्याची खोली पाहाले जातो तवा मले पयले आडनाव इचारते. मंग म्हणते, खोली गेली. काका, हा प्रश्न मले मराठीतच लय आयकू आला. इंग्रजीतनं मी नाई शिकवत."

मी म्हणालो, गोत वेगळं आणि तुमचं ते वेगळं. एकाच गोतात लग्न होऊ नये म्हणून विचारतात, त्यात अपमान नाही. ते खरंही आहे. बाई म्हणाल्या, "मंग त्यासाठीच इचारा." आणि चपला घालून गेल्या. रुपीबाई फाटकापर्यंत गेली, दोघी तिथं बराच वेळ बोलत उभ्या होत्या. परत येऊन तिनं माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं, ठेवलं कसलं, आपटलं.

काल आलेली पोर मला शिकवणार! तिचं तोंड आठवून अजून चीड येते. आणि एवढ्यावरही प्रश्न मी मोबाइलवरून शोधून पाठ केलाच. 'व्हॉट इज युअर क्लॅन?' चारच तर शब्द.

रविवार, २१ डिसेंबर

अंजूचा फोन. काय काय शिकलात, विचारत होती. मी म्हणालो, कोल्ड फीट, थिन आइस, स्नोड अंडर. एवढी हसली की तिला ठसका लागला. लहानपणी तांड्यावरून पुसदला येताना गाडीत माझ्या टोपीला धरून अशीच हसायची. माझं हसू दाबलं गेलं नाही. मग स्वतःचाच राग आला.

सांगत होती, डग्लसही तयारी करतो आहे. मागणी घालणारा खाली बसतो असं तिनं त्याला सांगितलं, तेव्हापासून तो रोज सतरंजीवर मांडी घालून बसायची सवय करतो. त्याचा एक गुडघा निकामी आहे. बसल्यावर त्याला दोघं मिळून उठवतात.

"कायले करते एवढं?" मी विचारलं.

"तुमी पोरगी देऊन राह्यले ना त्याले," अंजू म्हणाली.

ढोंग आहे सगळं. घसरून घसरून गुडघे घालवायचे आणि मग मांडी घालायची हौस. मला अशा गोड माणसांचा फार तिटकारा आहे, मनातलं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

बैठक पुढच्या रविवारी सकाळी आठला ठरली. तिकडं तेव्हा शनिवारची संध्याकाळ असेल.

बुधवार, २४ डिसेंबर

झोप नाही, भूक नाही. आरशासमोर उभा राहून चार शब्द म्हणतो. तोंड पाहवत नाही स्वतःचं. थंडी पडली आहे, तिचंच असेल.

रविवार, २८ डिसेंबर

सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या मी स्वतःलाच दुसरं काहीतरी सांगेन.

दादा फेटा बांधून आला, सोबत तांड्यातले चार पंच. पुरुष सतरंजीवर बसले, बायका आतल्या खोलीत, मधे पडदा. ताटात गोळ ठेवला होता, त्यावर रुमाल. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. आठला डग्लस दिसला. मोठा लांबरुंद माणूस, पांढरी दाढी, लोकरीचा बनियन, आणि खरंच खाली मांडी घालून बसलेला. गुडघा दुखत असणार, कपाळावर आठ्या होत्या. हात जोडून म्हणाला, "राम राम."

पंच खूश झाले.

मी पाठ केल्याप्रमाणे विचारलं, 'हाउ इज द स्नो?' मग काय, तो सुटला. दहा वाक्यांतली चार समजली. यंदा बर्फ लवकर पडलं, तो म्हातारपणी लहान मुलांना घसरायला शिकवतो, आणि कामाखाली 'स्नोड अंडर' आहे. ते मला एकदम कळलं आणि माझी मान आपोआप हलली. परीक्षेत आलेला प्रश्न ओळखीचा निघावा तसं वाटलं. मग आपण कशासाठी बसलो आहोत ते आठवलं.

त्यानं चष्मा नीट केला आणि सावकाश, सोप्या शब्दांत म्हणाला की मी तुमच्या मुलीला माझ्या घरात मागायला आलो आहे. आम्ही तिला जपू. एकही वाक्प्रचार नाही. बहुतेक हेच तो महिनाभर पाठ करत असणार.

मी ते पंचांना सांगितलं. बरोबर सांगितलं. दादानं माझ्याकडं पाहून डोळ्यांनी खूण केली. मी विचारलं, 'व्हॉट इज युअर क्लॅन?'

वाटलं होतं, माणूस गांगरेल, खांदे उडवेल. त्याचा चेहरा उजळला. 'क्लॅन! येस!' म्हणाला आणि कुळाचं नाव सांगितलं, मॅक असं काहीतरी. मग बोटांवर मोजत बापाचं नाव, आजाचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्याही बापाचं. ते स्कॉटलंडच्या डोंगरातले. जमीन गेली म्हणून जहाजात बसून आले. त्याआधी पिढ्यान् पिढ्या त्यांचं काम म्हणजे गुरांचे कळप हाकत शेकडो मैल बाजाराला चालत जाणं. रात्री उघड्यावर निजायचे आणि सकाळी पुन्हा निघायचे. फादर, फादर, कॅटल, वॉक, मार्केट. इतकं इंग्रजी मला आयुष्यात कधी समजलं नव्हतं, ते नेमकं आजच समजलं. बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर चालणारी आमची माणसं, त्यांच्याबद्दल माझा आजा सांगायचा ते असंच.

तो थांबला. पंच माझ्या तोंडाकडं पाहत होते. खोलीत इंग्रजी समजणारा मी एकटा.

"काय म्हणते थो?" दादानं विचारलं.

मी म्हणालो, "गोत नाई म्हणते."

दादानं ताटाकडं नेलेला हात मागं घेतला. पलीकडं डग्लस हसऱ्या चेहऱ्यानं वाट पाहत होता. त्याला वाटत असणार मी त्याच्या बापजाद्यांचीच नावं सांगतो आहे.

पडदा सरकला. रुपीबाई बाहेर आली. आमच्या बैठकीत बाई बोलत नाही, छत्तीस वर्षांच्या संसारात ती कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर धरून दादाकडं तोंड करून म्हणाली, "दादा, गोत सांगतलं त्यानं. बापाचं नाव सांगतलं, आजाचं सांगतलं, त्याच्या बापाचंबी सांगतलं. ढोरं हाकत बाजाराले पायी जाय म्हणते त्याचे लोकं. आपल्यावानी."

"तुले कसं समजलं?"

"शिकवणीले हितंच तर बसली होती मी. शिवता शिवता."

दादानं माझ्याकडं मान वळवली. "रामधन?"

"नेट अटकत होतं," मी म्हणालो. "आयकू नाई आलं नीट."

दादा मला जन्मल्यापासून ओळखतो. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी इचार म्हणलं होतं. खोटं सांग नव्हतं म्हणलं." मग पंचांना म्हणाला, "गोत हाय. आपल्यातलं नाई, म्हणजे येगळंच हाय. रीतीत बसते." रुमाल काढला आणि गोळाचा पहिला खडा मोबाइलसमोर धरला. त्या म्हाताऱ्यानं तिकडं खरंच तोंड उघडलं. पंच हसायला लागले. गोळ सगळ्यांना फिरला, सगळ्यांत शेवटी माझ्याकडं आला. मी खाल्ला.

मला बर्फाची किळस होती, टॉमची होती, त्या माणसाच्या गोड बोलण्याची होती. आज आंघोळ केलेली असून पुन्हा करावीशी वाटली.

सोमवार, २९ डिसेंबर

सकाळी अंजूचा फोन आला. मी स्वतःहून विषय काढणार होतो. काय बोलायचं ते ठरवलंही होतं. तिनं बोलूच दिलं नाही.

"बा, डग तुमचं किती कौतुक करून राह्यले! मले म्हणे, तुझ्या बापानं माह्यं एकेक वाक्य त्या लोकायले सांगतलं. माह्या आजाचं नाव हिंदुस्थानातल्या पंचायले समजलं म्हणे. डोळ्यात पाणी होतं त्यायच्या."

मी "हं" म्हणालो.

मग इकडची थंडी विचारली, माझा बीपी विचारला, गोळ्या घेता का विचारलं. एका शब्दानं दुसरं काही विचारलं नाही. लग्न तिकडं करून मार्चमध्ये सगळे इकडं येतील, डगची बायकोही येईल, तांड्यावर पुन्हा आमच्या रीतीनं लावू, असं ठरलं म्हणे. ठरलं म्हणजे कुणी ठरवलं, मला माहीत नाही. तिची आई मधूनमधून "हाव, हाव, कांचळी तुह्या सासूच्या मापाची झाली बरोबर" म्हणत होती.

फोन ठेवल्यावर मी रुपीबाईला म्हणालो, "त्या माणसाले असं काहून वाटलं? त्याले तर आपली भाषा येत नाई."

ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "इचारलं असन त्यानं अंजूले. का बाबा, तुह्या बापानं काय सांगतलं लोकायले?"

"अंजूले काय माहीत? थे तर बैठकीत नव्हती."

"बैठकीत नव्हती," रुपीबाई म्हणाली. "तिकडं त्यायच्या दारामागं होती. मीच सांगतलं तिले, बैठकीत पोरगी बसत नाई, पण दारामागं बसते. मी नाई का बसली?"

तिनं सुपातल्या दाण्यांवर फुंकर मारली. टरफलं उडाली.

म्हणजे अंजूनं ऐकलं. गोत नाही, हे मी आमच्याच बोलीत पंचांना सांगितलं, ते तिनं शब्दन् शब्द ऐकलं. आणि मग बाहेर येऊन, गुडघा चोळत बसलेल्या त्या म्हाताऱ्याला तिनं सांगितलं की माझ्या बापानं तुमचं सगळं नीट सांगितलं.

मी मोबाइल उचलून तिला परत लावला. दुसऱ्याच घंटीला तिनं घेतला. "हं, बा?" म्हणाली. आणि मला गोरबोलीतसुद्धा एक शब्द सुचला नाही.